अनुभव धागा: प्रिटिक्स आपल्या पीसीवर बसवताना

नाशिकमध्ये व्याख्यानं, नाटकं, सायकल राइड यांची नोंदणी सांभाळणारे बरेच जण प्रिटिक्स हे तिकीटविक्रीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आधी घरच्या संगणकावर बसवून बघतात. बसवलेल्यांनी नेमकं कुठे अडतं ते लिहा. "सोपं आहे, जमेल" एवढंच नको.

इंदिरानगरहून
विंडोजवर डॉकर डेस्कटॉप (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा प्रोग्राम) घ्या. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर तो सुरूच होत नाही. कंटेनर तीन: पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरती माहिती ठेवणारं) आणि प्रिटिक्सची स्टँडअलोन इमेज (तयार पॅकेज). प्रिटिक्सच्या सेटिंगची कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये केलीत तर नावापुढे गुपचूप टीएक्सटी चिकटतं. मग डॉकरला फाइल सापडत नाही आणि तो त्याच नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवतो. एरर भलतीच येते, म्हणून आधी हे तपासा.

पंचवटीहून
डेटाबेसचा होस्ट म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे ‘हाच संगणक’) लिहू नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. कंपोज फाइलमधलं (कंटेनरांची यादी असते ती) डेटाबेस सर्व्हिसचं नाव टाका. पोस्टग्रेसचा पासवर्डही फक्त व्हॉल्यूम (डॉकरची डेटा साठवायची जागा) पहिल्यांदा तयार होताना बसतो. नंतर कंपोज फाइलमध्ये कितीही बदला, आत जुनाच राहतो.

सिडकोतून
लिनक्सवर डेटा फोल्डर आणि कॉन्फिग, दोन्हींची मालकी 15371 या युजर आयडीला द्या, नाहीतर परवानगी नाकारली जाते. कंटेनरचा 80 नंबरचा पोर्ट बाहेर 8345 वर काढायची पद्धत आहे. पहिलं लॉगिन एडमिन ॲट लोकलहोस्ट, पासवर्ड एडमिन. तो लगेच बदला.

कॉलेज रोडवरून
खरी गंमत बसवल्यानंतर. तिकीट तयार केलं, किंमत टाकली, तरी दुकानात मिळत नाही? कोटा (किती जागा विकायच्या ती मर्यादा) जोडलेला नसतो. कोट्याशिवाय प्रिटिक्स काहीच विकत नाही.

टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर संध्याकाळी 7 चं व्याख्यान आपल्या घड्याळात रात्री 12:30 ला जाऊन बसतं.

आणि रनपिरिऑडिक हे प्रिटिक्सचं नियमित देखभालीचं काम दर 15 ते 30 मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालायलाच हवं. ते नसेल तर पैसे न भरलेल्या ऑर्डर मुदत संपूनही तशाच पडून राहतात आणि जागा अडकतात. चाचणीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तेव्हा जागा कधी संपतच नाहीत! मुद्दाम कोटा 2 ठेवून बघा.

नाशिकरोडहून
चाचणीच्या ईमेलसाठी खरा एसएमटीपी (पत्रं पाठवणारा सर्व्हर) नको, मेलपिट हे पत्रं अडवून दाखवणारं साधन पुरे. पत्रं पोर्ट 1025 वर घेतं, 8025 वर ब्राउझरमध्ये दाखवतं.

तिकिटाच्या पीडीएफमध्ये देवनागरी जपून. नेहमीच्या फॉन्टमध्ये चौकोन येतात, फॉन्ट बदलला तरी जोडाक्षरं फुटू शकतात. कार्यक्रमाचं मराठी नाव पार्श्वभूमीच्या पीडीएफमध्येच छापून घ्या, वर फक्त क्यूआर आणि ऑर्डर कोड.

पंचवटीहून, पुन्हा
कंटेनर बंद करताना कंपोज डाउन या आज्ञेच्या पुढे -v लावू नका. व्हॉल्यूम जातात, म्हणजे सगळी नोंदणी जाते. नुसतं थांबवायचं असेल तर स्टॉप.