वजन कमी करण्यासाठी जेवणाचे फोटो काढून ठेवले तर चालेल का? लिहायला जमत नाहीये

रानजाई

नमस्कार मंडळी, वजन कमी करायचंय आणि डॉक्टर म्हणाले रोज काय खाता ते लिहून ठेवा. वही करून झाली, मग अ‍ॅप घेतलं, पण त्यात प्रत्येक पदार्थ शोधा, ग्रॅम टाका, घरी केलेलं तर धड सापडतच नाही, जेवण गार होतं तरी नोंद संपत नाही. म्हणून विचार करतेय की ताट समोर आलं की फक्त फोटो काढायचा आणि जेवायला लागायचं. याचा खरंच उपयोग होतो का? फोटोवरून कॅलरी कळतात का? आणि चार लोकांत फोटो काढायला कसंतरीच वाटतं, त्याचं काय करता? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पाऊलवाट

होतो उपयोग, मी अजूनही काढते. फक्त फोटो खायच्या आधी काढायचा, सगळी मेख तिथेच आहे. वही आपण रात्री उघडतो, तेव्हा जे पोटात गेलंय ते गेलंय. फोटोसाठी मात्र हात थांबवावा लागतो आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत "एवढं लागणारे का मला" हे आपसूक मनात येतं, कधी कधी मी तिथेच थोडं काढून ठेवते. 2008 मधे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी लेखी डायरी आणि फोटो डायरीची तुलना केली होती, अभ्यास छोटा होता, 43 लोकांचा, पण त्यांचंही म्हणणं हेच होतं की फोटो खाण्याआधी निघतो म्हणून तो निवड बदलू शकतो.

आणि ताटाबाहेरचं सोडू नकोस गं. स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले दाणे, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं, तिसऱ्यांदा घेतलेला चहा, हे कोणी जेवण म्हणून धरतच नाही त्यामुळे लिहिलंही जात नाही. त्याचाही फोटो काढ, बिस्किट एक असलं तरी.

मोजपट्टी

कॅलरीचं स्पष्ट सांगतो, फोटोवरून नीट कळत नाहीत. फोटो बघून आकडा सांगणारी अ‍ॅप आहेत पण तो अंदाज आहे, कारण मुख्य गोष्ट कॅमेऱ्याला दिसतच नाही, ती म्हणजे तेल. 1 ग्रॅम फॅटला 9 कॅलरी, प्रोटीन आणि कार्बला 4, म्हणजे एक टेबलस्पून तेलात जवळपास 120 कॅलरी जातात आणि फोटोत दिसते फक्त थोडी चकाकी. वाटी किती खोल आहे तेही वरून कळत नाही. त्यामुळे फोटोखाली एक ओळ टाका, "तेल 2 चमचे, साखर 1", बास.

फोटो अगदी वरून न काढता थोडा तिरका, साधारण 45 अंशात काढा, ताट-वाटी शक्यतो रोज तीच ठेवा आणि शेजारी चमचा असू द्या म्हणजे आकाराचा अंदाज येतो. उरलं तर उरलेल्याचाही एक फोटो. संशोधनात फोटो वापरतात तेव्हा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही घेतात, मग जाणकार लोक ते ठराविक मापाच्या फोटोंशी ताडून बघतात.

नुसत्या आठवणीवर का जाऊ नये त्याचं उदाहरण देतो. 1992 मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे एक अभ्यास आला होता, कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या 10 जणांचा. प्रत्यक्ष मोजलं तर ते स्वतःचं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्के जास्त. ती माणसं काही खोटारडी नव्हती, आपल्या सगळ्यांचंच असं होतं.

सावली_उन्हाची

वरचं सगळं पटतंय पण एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्यांना आधी कधी खाण्यावरून त्रास झालाय, म्हणजे उपाशी राहणं, खाल्ल्यावर अपराधी वाटणं, उलटी काढणं, त्यांनी हे आपलं आपण सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. आणि कोणालाही फोटो काढायचाय म्हणून भूक असताना खायची भीती वाटायला लागली तर बंद करा, लगेच. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर त्याचाही विचार करा, तिथे शाबासकी मिळते म्हणून सॅलडचे फोटो जातात आणि बाकीचे काढलेच जात नाहीत, मग त्या डायरीचा उपयोग काय?

रानजाई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! आधी फोटो आणि खाली तेलाची ओळ हे आजपासूनच करते. पण नुसते काढून ठेवायचे की परत बघायचे? आणि लोकांसमोरचं राहिलंच.

पाऊलवाट

बघायचे, नाहीतर गॅलरी भरण्यापलीकडे काही होत नाही. वेगळा अल्बम कर आणि आठवड्यातून एकदा सलग खाली सरकवत जा, वेळेकडे पण लक्ष दे, फोटोवर ती आपोआप नोंदली जाते. रात्री उशिराचे किती, भाजी कुठल्या दिवशी दिसतच नाही, ते नजरेला येतं. मग एकच गोष्ट बदल, सगळं एकदम नको. आणि रोजच्या काट्याला घाबरू नकोस, पाण्यानेसुद्धा एखादा किलो वर-खाली होतो, आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी छान चाललंय.

लोकांत असताना कसंतरी वाटत असेल तर नको काढूस, उठल्यावर फोनमधे दोन ओळी लिही. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा तो अल्बम दाखव, त्यांना वहीपेक्षा पटकन कळेल.