बंद घरात पाणी शिरलं तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

माजघर

आज दुपारी गल्लीत पिंजारी आला होता. किती वर्षांनी तो तारेचा आवाज ऐकला! आणि एकदम गावच्या सात गाद्या डोळ्यांपुढे आल्या. २०२० च्या ऑगस्टात आम्ही त्या परसात खड्डा खणून पुरल्या. आधी जाळायला गेलो, तर पेटेचनात.

गाव दापोली तालुक्यात. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शेजारच्या काकांचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. म्हणाले, "आढ्याजवळची कौलं गेली, फणस पडवीवर आडवा झालाय. आमचंही छप्पर उडालंय गो, तुमच्याकडे चढवायला माणूस कुठून आणू?" आम्ही ठाण्यात अडकलेलो. लॉकडाऊन, ई-पास, सगळं तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्यातही काकांनी हाताशी होती ती ताडपत्री आमच्या देवघरावर टाकली. बाकीचं घर जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट तसंच उघडं. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

गणपतीला पोचलो तर दहा दिवस विलगीकरण. आपापल्या घरातच राहा म्हणाले. म्हणजे त्याच घरात! गडी बोलावता येत नव्हता, सुतार नाही, कोणीच नाही. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई.

दार फुगून चौकटीत इतकं घट्ट बसलं होतं की मुलगा खिडकीतून आत शिरला. माजघरातली जमीन सारवणाची, तिच्यावर वीतभर गवत. वाशांवर आळंबी. मधली मातीची भिंत खालून विरघळल्यासारखी पोटात गेलेली. हे सगळं सासूबाईंनी शांतपणे बघितलं. पण कणगीत बियाण्याचं भात ठेवलं होतं, ते रुजून, हिरवे कोंब वर येऊन तिथेच कुजलं होतं. ते बघून त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या.

पहिले दोन दिवस फक्त बाहेर काढणं. मीटरचा मेन स्विच आधी पाडला आणि दहा दिवस कंदिलावर राहिलो. नवऱ्याने भिंतीवरची काळी बुरशी कोरड्या खराट्याने झाडायला घेतली, तर सगळे खोकून बेजार. सासूबाई ओरडल्या, "आधी भिजव रे ती!" मग साबणाच्या पाण्याने फडकी ओली करून पुसली. तांब्या-पितळेचं काही बिघडलं नाही. कोकमाचं आगळ लावून घासल्यावर नव्यासारखं झालं. काकू रोज कुंपणाच्या गडग्यावर डबा ठेवून जायच्या, लांबून हाक मारून.

एक चूक केली ती सांगते. चतुर्थीला घर जरा बरं दिसावं म्हणून ओल्या भिंतींना रंग दिला. दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटले आणि आतून परत काळं.

पाऊस एका दिवसाचा असता तर चार कौलं घालून भागलं असतं. अडीच महिने तिथे कुणी पोचू शकलं नाही, त्याने घर खचलं. हे मला अजून लागतं.

तुमच्या बंद घरात असं झालंय का? काय वाचलं, काय गेलं, कसं निस्तरलंत?

ओवा

कणगीचं वाचून गलबलून आलं. सासूबाई बऱ्या आहेत ना आता?

चिंगीची आई

माझाही अनुभव आहे, मोठा आहे. भाजी फोडणीला टाकलीये, येते.

पन्हळ

आमच्याकडे वादळ लागत नाही, वानर पुरतात. संगमेश्वरकडचं घर. टोळी छपरावरून गेली की पाच-सहा कौलं सरकलीच. गेल्या खेपेला एकच कौल सरकलं होतं. खालून बघितलं तर जमिनीवर ओलसुद्धा नाही, म्हणून आम्ही निवांत. पाणी वाशावरून ओघळत थेट भिंतीत जात होतं. तीन पावसाळ्यांनी वाशाला बोट लावलं तर आत भुसा, वाळवीने पोखरलेला. त्यामुळे थेंब कुठे पडतोय एवढ्यावर जाऊ नका. माळ्यावर चढून प्रत्येक वाशाच्या टोकाला, भिंतीत जातो तिथे हात लावून बघा.

मे महिन्यात कौलं चाळायला, म्हणजे उतरवून परत नीट बसवायला, माणूस मिळत नाही ही खरी अडचण. जुने लोक गेले, मुलं मुंबईला. शेवटी कौलांवर पत्रा घातला.

सोनटक्का

पत्र्याचा आवाज फार येतो का हो? आम्हीही विचार करतोय.

पन्हळ

येतो. पाऊस असला की बोललेलं ऐकू येत नाही. पण खाली कौलं तशीच ठेवलीत, त्यामुळे गरम कमी होतं. वानर मात्र पत्र्यावर नाचतात, त्यांना आवडलाय.

कृष्णाकाठ

सांगली, ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी ५७ च्या वर गेली. आई-बाबा पुण्यात माझ्याकडे होते म्हणून जीव वाचला असंच म्हणते. घर तळमजल्यावर, बंद. पाणी उतरून मी पोचेपर्यंत आठवडा गेला. तोवर चिखल वाळायला लागला होता.

ज्यांच्याकडे कधी पूर येईल त्यांच्यासाठी लिहिते. गाळ ओला आहे तोवर काढा. पाणी ओसरत असतानाच झाडून लोटला तर पाण्याबरोबर जातो. वाळला की पहारीने फोडावा लागतो. आम्ही चौघांनी दोन खोल्यांतून घमेल्याने काढला, चार दिवस लागले. कपाटांच्या मागे, ओट्याखाली, स्विचबोर्डांच्या आतसुद्धा गाळ. बोर्ड सगळे बदलले, वायरमनने तपासल्याशिवाय लाईट लावू दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. फ्रीज तर पाण्यावर तरंगून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येऊन पडला होता.

आणि साफ करायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. आम्ही उत्साहात आधी धुऊन काढलं, मग पंचनाम्याला आलेल्यांना दाखवायला काही उरलं नाही.

रातवा

कृष्णाकाठ, आमचेही सांगलीचेच दिवस आठवले. गावोगावहून भाकऱ्यांची पोती यायची ते आठवतंय? अजून भाकरी बघितली की डोळे भरतात.

कृष्णाकाठ

हो ताई. न विसरता येणारं आहे ते.

शेवगा

पेशाने आरोग्य विभागात होते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तर जीवावर बेतू शकतं. एका वेळी एकच, खिडक्या सताड उघडून.

दुसरं, पुराच्या चिखलात अनवाणी जाऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, पायाला साधी भेग असली तरी. गमबूट घाला. घरी आल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं असं वाटलं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. आणि बंद घरात काठी आपटत शिरा, पाण्याने साप आडोशाला येतात.

ओवा

शेवगाताई, हे वेगळं काढून ठेवते. 🙏

टेकडीपल्याड

आमचं टेक्सासमधलं, डॅलसजवळ. फेब्रुवारी २०२१ ची थंडी. भाडेकरू जानेवारीत सोडून गेले होते, घर रिकामं. वीज गेली तसं हीटिंगही गेलं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. पोटमाळ्यातला पाइप फुटला, पण कळलं कधी? थंडी सरून बर्फ वितळल्यावर. तोवर बर्फानेच भोक बुजलेलं होतं! मग दीड दिवस पाणी वाहत राहिलं.

तिथल्या भिंती जिप्समच्या पाट्यांच्या, पाणी पितात. वरून छत लोंबलं आणि त्यावरचा, थंडी अडवणारा कापसासारखा थर सगळा जमिनीवर. शेजारची मेक्सिकन आजी धावली. रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यात हात घालून तिने आमचा मुख्य कॉक बंद केला. मी तिला आजीच म्हणते. नंतर भिंती खालून दोन फूट कापून काढाव्या लागल्या, मोठे पंखे आणि हवेतलं पाणी ओढणारी यंत्रं रात्रंदिवस आठवडाभर चालू. कापल्या नसत्या तर आत बुरशी राहिली असती.

तेव्हापासून घर रिकामं ठेवायचं तर मुख्य कॉक बंद, नळ उघडून पाइप रिकामे. एवढं केलं की झोप लागते.

सोनटक्का

इकडे फ्लॅटलाही तेच लागू आहे. गिझरची लवचीक नळी फुटून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं पीओपी पडलं. आम्ही नाशिकला, फ्लॅट पुण्यात. सेक्रेटरींनी गच्चीवरचा कॉक बंद केला म्हणून थांबलं. काका इतके चांगले की मला फोनवर म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस, कोणाला लागलं नाही." खर्च आम्ही दिला. पण मला आठवतं ते त्यांचं पहिलं वाक्य.

खिडकीतली

बाल्कनीतल्या मोरीची जाळी!!! कबुतरांनी घरटं केलं, पानं साठली, जुलैत बाल्कनीचं तळं झालं आणि सरकत्या दाराखालून हॉलमध्ये. लाकडी फरशी होती आमची, फुगून नावेसारखी वर आली. नवी घेऊ नका कुणी ती, साधी फरशी बरी.

भावीण पक्षी

आजीचं चिपळूणचं घर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा बंदच होतं, आजी मामाकडे. २००५ ला पण आलेलं, म्हणून सगळं उंचावर ठेवलं होतं. पण तेवढं उंच पुरलं नाही.

फोटोंचे अल्बम भिजले. माझ्या मावशीने घाईने पानं सोलायला घेतली आणि आईच्या लग्नाच्या फोटोतला चेहराच निघून आला. मग कोणीतरी सांगितलं की चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवायचे, आपापले सुटतात. मग चेहरा वर करून सुती कापडावर सावलीत वाळवायचे. निम्मे वाचले. पुस्तकं उभी, पानं पसरून पंख्याखाली, मधेमधे कोरा कागद. गुळगुळीत कागदाची मासिकं मात्र वीट झाली.

गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, तिथेही पाणी शिरलं होतं. लहानपणी आजी मला तिथे न्यायची. घरातल्या वस्तूंचं होतं त्याहून जास्त वाईट मला त्याचं वाटलं.

माजघर

ओवा, सासूबाई छान आहेत, ८१ पूर्ण झाली. हा धागा वाचून दाखवतेय त्यांना. भावीण पक्षी, तुमच्या आईच्या फोटोचं ऐकून त्या म्हणाल्या, दुसऱ्या कोणाच्या अल्बममध्ये असेल बघ, लग्नातले फोटो नातेवाइकांना वाटलेले असतात.

भावीण पक्षी

अगं हो! नागपूरच्या आत्याकडे विचारलंच नाही. आज रात्री फोन करते.

मांडवी काठ

आमचं डिचोलीचं घर, चिऱ्याचं. वडिलांनी जुना चुन्याचा गिलावा काढून बाहेरून सिमेंट केलं, मजबूत होईल म्हणून. घर बंद राहिलं, छपरातून भिंतीत गेलेलं पाणी बाहेर पडेना, आतल्या बाजूने पांढरं मीठ फुलायला लागलं. चुना श्वास घेतो, सिमेंट कोंडून ठेवतं, असं म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं. परत चुना केला, दोन उन्हाळ्यांनी भिंत सुकली.

भिंत वाळली का ते बघायला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रंगाचा डबा उघडू नका. माजघरताई, तुमच्यासाठी.

माजघर

हे तेव्हा कळायला हवं होतं! यंदा करून बघते.

चिंगीची आई

आले. भाजी झाली, चिंगीचा अभ्यास झाला. आमचं एवढंच की सासऱ्यांचं घर दोन वर्षं बंद होतं, टाकीचा बॉल-कॉक गेला आणि गच्चीतून पाणी झिरपत राहिलं. सासऱ्यांच्या हस्ताक्षरातल्या हिशेबाच्या वह्या गेल्या. शाईच धुऊन गेली, कागद कोरे. त्या टाकवल्या नाहीत, वाळवून ठेवल्यात. मोठं लिहिणार होते पण आता लिहवत नाही.

ओवा

असू दे गं. एवढं लिहिलंस तेच खूप.

रातवा

पिंजारी कुठे आला होता ते सांगाल का? मला दोन गाद्या पिंजून घ्यायच्यात. ठाण्यातच ना?

माजघर

हो, नौपाड्यात. उद्या परत येणारे म्हणाला.

वायंगण

माजघर, तुम्ही हर्णैच्या बाजूच्या का? आमची वाडी तिथून जवळ आहे. वर्षभर बघतेय, मुंबईकरांची किती घरं अशी बंद. मी आता गावीच असते, निवृत्त झाल्यापासून. तुमचं छप्पर पावसाआधी बघून फोटो पाठवू का? मला चढता येत नाही, पण आमचा कौलं चाळणारा माणूस आहे, तो विश्वासाचा.

माजघर

वायंगणताई, काय बोलू! हो, त्याच बाजूच्या. निरोपात पत्ता देते. किल्ली काकांकडेच आहे, त्यांना सांगा ठाण्याच्या सुनेने पाठवलंय. आणि माळ्यावर, देवघराच्या बरोबर वर, ती ताडपत्री अजून घडी करून ठेवलीये. लागली तर वापरा.