नागपुरात इनलाइन स्केट्सवर सलग 42 किलोमीटर : रस्ता कुठला धरू, चाकं कुठली घेऊ?

आकांक्षा_मनीषनगर

नमस्कार मंडळी. मी 36 वर्षांची, राहायला मनीषनगरला, नोकरी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात. 2025च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या बेइदाइहेला आपल्या आनंदकुमार वेलकुमारने जागतिक स्पर्धेत आधी 1000 मीटरचं आणि मग 42 किलोमीटर मॅरेथॉनचंही सुवर्ण घेतलं. ते बघून मागच्या दिवाळीत मी इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाकं असलेले) घेतले आणि रिंकवर शिकायला लागले. मला शर्यत लावायची नाही. येत्या डिसेंबरात, थंडीत, एका सकाळी सलग 42 किमी पूर्ण करायचे आहेत, वेळ लागेल तेवढा लागो.

रिंकवर तासभर न थांबता फिरते, काही वाटत नाही. पण घराजवळच्या सिमेंट रोडवर उतरले की दहा मिनिटांत तळपाय बधिर. बूट काढला की मुंग्याच मुंग्या. स्केट्सना 80 मिमीची चार चाकं आहेत, त्यांवर 85ए लिहिलंय, म्हणजे चाकाचा टणकपणा. ब्रेक रिंकवर मध्ये येतो म्हणून सरांनी सुरुवातीलाच काढायला लावला.

परदेशातले लोक सायकलींच्या वेगळ्या वाटेवरून एका गावातून दुसऱ्या गावात जातात, ते व्हिडिओ बघून जीव तुटतो. आपल्याकडे असं सलग काही आहे का? 110 मिमीची चाकं घेतली तर थरथर कमी होते म्हणतात, पण उंचीची धास्ती वाटते. आणि मोकाट कुत्र्यांचं काय करायचं? ज्यांनी खरंच बाहेर लांबचं स्केटिंग केलंय त्यांनी कृपया सांगा.

सेमिनरीहिल्सचे_काका

आकांक्षाताई, हे सोडू नका. नागपूर या खेळासाठी वाईट गाव नाही, फक्त सिमेंट रोड समजून घ्यावा लागतो. मी साठीला आलोय. नव्वदच्या दशकात क्वाडवरून, म्हणजे दोन पुढे दोन मागे चाकं असलेल्या स्केट्सवरून, इनलाइनवर आलो आणि तेव्हापासून इथले रस्ते मला चाकांखालून ओळखीचे आहेत.

तुमचे पाय बधिर होतात ते मुख्यतः रस्त्यामुळे. सिमेंट ओलं असतानाच त्यावर तारांच्या ब्रशने खाचा ओढतात, पावसात गाडी घसरू नये म्हणून. हवा भरलेल्या टायरला त्या जाणवत नाहीत, आपल्या टणक चाकाला एकूण एक जाणवते. शिवाय साधारण दर साडेचार मीटरला आडवा सांधा. ताशी 15च्या वेगाने गेलात तर जवळपास दर सेकंदाला एक दणका, तासभर. रिंकच्या गुळगुळीत फरशीवर तयार झालेल्या पायाला हे एकदम झेपत नाही.

पण आडवा सांधा नुसता त्रास देतो. पाडतो तो उभा सांधा, रस्त्याच्या लांबीने जाणारा. आपलं चाक 24 मिमी रुंद, त्यातही जमिनीला टेकतो तो भाग आणखी अरुंद. सांध्यातला भराव निघून गेला, किंवा शेजारच्या दोन स्लॅबच्या उंचीत बोटभर फरक पडला, आणि चाक त्या फटीला समांतर गेलं, की पाय तिथेच धरला जातो आणि अंग पुढे जातं. म्हणून असा सांधा कायम तिरका ओलांडायचा. गुडघे वाकवायचे, एक पाय अर्धा बूट पुढे ठेवायचा, वजन दोन्ही पायांवर. गल्लीत एखादा उभा सांधा बघा आणि सकाळी रहदारी नसताना तोच पुन्हापुन्हा ओलांडून बघा. आधी चालीच्या वेगाने, मग वाढवत. अंतराचा विचार त्यानंतर.

बर्लिनच्या दक्षिणेला फ्लेमिंग-स्केट नावाची वाट आहे. शेतांतून आणि जंगलांतून जाणारी, 200 किमीहून जास्त लांबीची, मुद्दाम स्केटिंग आणि सायकलिंगसाठी बांधलेली. तिथली खरी चैन म्हणजे बारीक खडीचं सपाट डांबर. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारून सायकल लेन आखतात, पण खाली रस्ता तोच राहतो. कडेला असल्यामुळे वाळू, काचा आणि उभ्या गाड्या त्याच पट्ट्यात. सायकल त्यातून निघते, स्केट निघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चांगल्या डांबराची पाच किलोमीटरची वाट झाली तर शेकडो पोरं रिंकबाहेर पडतील.

तोवर माझं ठाम मत असं : नागपुरात सलग 42 किमीचा रस्ता शोधूच नका. चार-पाच किलोमीटरची एक चांगली फेरी शोधा आणि तीच मारत राहा. तिसऱ्या फेरीपर्यंत तिथली प्रत्येक फट, प्रत्येक झाकण तुमच्या लक्षात असतं. पाणी एका जागी ठेवता येतं. पाय दुखलाच तर घरापासून वीस किलोमीटरवर अडकून पडत नाही.

मिहानला तुमचं रोजचं जाणं आहे. आतले रस्ते रुंद, रविवारी सकाळी बरेच मोकळे. एकदा स्कूटीवर हळू फिरून या आणि थांबून थांबून रस्त्यावर तळहात घासून बघा. हाताला खडीचे टोकदार दाणे लागले तर ते डांबर म्हातारं झालंय, वरचा बारीक माल उडून गेलाय, तिथे चाकही ओढून धरल्यासारखं वाटेल. हात सुळकन सरकला तर तो तुकडा तुमचा. सिव्हिल लाइन्सचा वॉकर्स स्ट्रीट सुचवणारे भेटतील. सकाळी तो चालणाऱ्यांचा आहे आणि त्यांचाच राहावा. स्केटरला दोन्ही बाजूंना पाय टाकायला दीड-दोन मीटर रुंदी लागते, वर झाडांखाली काटक्या. 80च्या चाकाला अंगठ्याएवढी काटकी पाडायला पुरते.

चाकांचं म्हणाल तर मोठं चाक खाचांवरून सोपं जातं, हे खरं आहे. तीन 110ची फ्रेम, म्हणजे बुटाखालची चाकं धरणारी पट्टी, बहुधा तुमच्या फ्रेमच्याच लांबीची असते, 243 मिमीच्या आसपास, पण पाय दीडएक सेंटीमीटर वर जातो आणि घोट्याला ते कळतं. तुम्हाला मी 100 मिमीची तीन चाकं सांगेन. थरथर कमी होईल आणि उंचीही झेपेल. 85ए ठीक आहे, रिंकची त्याहून टणक चाकं बाहेर नकोत.

आणि ब्रेक परत लावा. टी-स्टॉपने, म्हणजे मागचा पाय आडवा घासत थांबण्याने, त्या पायाची चाकं एका बाजूने घासून जातात, प्लाऊला, म्हणजे पाय फाकवून थांबायला, रुंदी लागते आणि शेजारून गाडी जात असताना ती मिळत नाही. टाचेचा ब्रेक सरळ रेषेत थांबवतो. ब्रेक नसेल तर टीव्ही टॉवरकडून खाली येणारा उतार सोडाच, उड्डाणपुलाचा उतारसुद्धा नको.

फिजिओ_धरमपेठ

काकांनी रस्त्याचं सांगितलं ते बरोबरच. बधिरपणाची आणखी दोन कारणं तपासा. एक, बुटाची पावलावरची नाडी फार आवळलेली असते. घोट्यावर घट्ट, पावलावर बेताची, असं बांधा. दुसरं, भीतीने बोटं आत वळवून बूट पकडून ठेवण्याची सवय. खडबडीत रस्त्यावर जवळजवळ सगळेच हे करतात. चालता चालता मुद्दाम बोटं हलवून बघा, हलत नसतील तर तेच कारण. मोजे पातळ घाला, जाड मोज्यात पाय सरकतो आणि फोड येतात. नाडी सैल करूनही मुंग्या थांबल्या नाहीत, तर एकदा दाखवून घ्या.

मनगटाचे गार्ड घातल्याशिवाय बाहेर पडू नका. 1996 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवर अभ्यास आला होता. गार्ड न घालणाऱ्यांत मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे 10 पट आढळली. पडताना हात आपोआप पुढे जातो, ठरवून रोखता येत नाही. गार्डची प्लेट रस्त्यावर घसरते आणि झटका पुढे निघून जातो.

अंतर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरनेच वाढवा. दम लवकर तयार होतो, कंबर आणि मांडीच्या आतले स्नायू मागे राहतात.

दोन_चाकी_त्रिमूर्तीनगर

हाव ताई, मिहानच बेस्ट. आमचा सायकलचा ग्रुप रविवारी तिकडेच जाऊन राहिला. एक सांगतो, पावसाळ्यात नि त्यानंतर बांधकामाच्या ट्रकच्या चाकाले लागून काळी माती रस्त्यावर येते. ओली असली तर घसरते, वाळली की ढेकळं. सायकलले फरक पडत नाही, तुम्हाले पडेल. ऑक्टोबर लागेस्तोवर वळणांवर सांभाळून जा.

कुत्र्याचं असं आहे, चाकाचा खरखर आवाज त्याले चिडवते आणि पळणारा माणूस दिसला का ते मागं लागते. वेग वाढवू नका. हळू व्हा, सरळ उभं राहा, त्याच्याकडं तोंड करा, जोरात 'हाड' म्हणा. बहुतेक तिथंच थांबतात. आपली हद्द संपली का सोडून देतात.

आणि मागून सायकल येत असली का एका रेषेत राहा. स्केटर डावी-उजवीकडे झुलते, मागच्याले अंदाजच लागत नाही कोणत्या बाजूनं काढावं. आम्ही 'उजवीकडून' म्हणून आवाज देतो, तेव्हा दोन ढकला मारू नका, नुसतं सरळ घसरत जा. लांबचं करायचं त्या दिवशी सांगा, मी लाल लाइट लावून मागं राहीन. गाडीवाल्याले दोन माणसं दिसली का तो जागा सोडते.

आकांक्षा_मनीषनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोटं खरंच आत वळत होती, काल लक्ष दिलं तेव्हा कळलं. दादा, मागे राहायला याल तर फार आधार वाटेल, नक्की कळवते.

काका, स्केट उलटा करून मापलं, फ्रेमच्या दोन बोल्टमध्ये 165 मिमी आहे. ब्रेक डब्यात सापडला, सोबत एक सुटा स्क्रू पण आहे, तो कशाचा कळेना. आणि किती अंतर जमलं की 42ला हात घालू?

सेमिनरीहिल्सचे_काका

तो स्क्रू फेकू नका, तो लांब एक्सल आहे, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा आस. ब्रेकचा धारक मागच्या चाकाच्या एक्सलवरच बसतो, त्याच्या जाडीसाठी एक्सल लांब लागतो. आत्ता लावलेल्या आखूड एक्सलवर ब्रेक कसलात तर आटे पुरेसे धरणार नाहीत आणि नेमका जोर दिला की सुटेल. उजव्या पायाला लावा. बहुतेक फ्रेमना 4 मिमीची ऍलन की चालते, ती कायम कंबरेच्या पिशवीत हवी. ब्रेक लावताना टाच दाबायला जाऊ नका. उजवा पाय अर्धा बूट पुढे सरकवा, खाली बसल्यासारखं करा आणि मग पंजा उचला. वजन मागे टाकलं तर पाठीवर पडाल.

दर आठवड्याला चाकं काढून बघा. आतली कड आधी झिजते. पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं अशी अदलाबदल करा, डाव्या पायाचं उजव्याला, आणि झिजलेली कड बाहेर येईल असं बसवा. बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी उघडून वाळवा. बेअरिंगच्या अचूकतेच्या महागड्या एबेक आकड्यांवर पैसे घालवू नका, आपल्या धुळीत स्वच्छ बेअरिंगच पळतं.

अंतराचं म्हणाल तर त्याच फेरीवर 30 किमी झाले आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, की 42 करा. बर्लिनच्या इनलाइन मॅरेथॉनमध्ये पुढचे लोक तासाभरात संपवतात, तो वेगळा खेळ. तुम्ही ताशी 16ने गेलात तर 2 तास 38 मिनिटं, वर पाण्याचे थांबे. डिसेंबरात उजाडताना सुरू केलंत तर ऊन चढायच्या आत होतं.

165 मिमी असेल तर माझी जुनी तीन 100ची फ्रेम बसायला हवी. नवीन घेण्याआधी तीच लावून दोन रविवार फिरून बघा. बुटाचा नंबर कळवा, बोल्टसकट काढून ठेवतो.