पासिंग तोंडावर अन् बॉनेट उघडेना
15 वर्षांच्या गाडीचं पासिंग आलंय आणि बॉनेट अडकलंय, तर टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) उचकटू नका, पत्रा वाकतो. एकानं आतला लिव्हर ओढून धरायचा, दुसऱ्यानं लॉकच्या बरोबर वर तळहातानं दाबून सोडायचं. लातूर-बीडकडच्या धुळीनं ग्रीस घट्ट होतं, त्याला बहुधा एवढं पुरतं. लिव्हर ढिला लागला तर केबल तुटलीय किंवा निसटलीय. लिव्हरपाशी तारेचं टोक दिसलं तर पकडीनं ओढा.

उघडल्यावर लॉक डिझेलनं धुऊन नवं ग्रीस लावा, जुन्यावर थापू नका. बॉनेट लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरनं लॉक खाली दाबून बसवा अन् लिव्हर ओढल्यावर सुटतंय का बघा. हे विसरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! पासिंगला नंबर वाचता यावा म्हणून इंजिन नंबरवरचं काळं ऑइलही तेव्हाच पुसून घ्या.