घरातली हवा मोजायचीय, नागपूर-चंद्रपूर-अमरावती मिळून. जमेल का?

पीएसएम_रेसिडेंट:
नागपुरात कम्युनिटी मेडिसिनला पीजी करून राहिलो. चंद्रपूर अन् अमरावतीचे बॅचमेट सोबत घेऊन दमा असलेल्या पोरांच्या घरी पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजायचंय, एक सेन्सर खोलीत एक गॅलरीत, जोडीला रोजचा पीक फ्लो (पोरगं किती जोरात फुंकते ते). प्रदूषण बोर्डाच्या स्टेशनचे आकडे मिळतात पण पोरगं तर जास्त वेळ घरातच असते न. परवडते फक्त लेझरवाला स्वस्त सेन्सर. तीन शहरांचे आकडे जुळतील का? गाईड म्हणते एप्रिल-मेमध्ये उरकून टाक.

कोराडीरोड:
एप्रिल-मे? कूलर विसरला का बे 😀 उन्हाळाभर तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून खोलीत फेकत राहते, वरून दमटपणा. लेझर सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजते, दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात अन् आकडा उगाच चढते, म्हणजे पोरगं बसलंय गारव्यात अन् सेन्सर बोंबलतोय. डिसेंबर-जानेवारीत गोष्टच वेगळी, खिडक्या बंद, आत मच्छर अगरबत्ती. दोन्ही सीझन कर अन् आर्द्रता लिहून ठेव.

हवापाणी_इंजिनिअर:
जुळवायचं तर आधी सगळे सेन्सर एकाच शहरात, एकाच रेफरन्स मॉनिटरशेजारी (अचूक मोजणारं भरवशाचं यंत्र) काही दिवस लावा, स्टडी संपल्यावर परत लावा. नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था, नागपुरातच आहे, विचारून तर पहा. अन् तुलना कशाशी ते आधीच ठरवा, पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५. एकच घर एकीकडे पास दुसरीकडे नापास.

चहा_टपरी:
हॅपिन ट्रायल वाच. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू, रवांडा, चारही ठिकाणी प्रोटोकॉल एकच, सुमारे ३२०० गरोदर बाया, चुलीऐवजी गॅस दिला. धूर खूप कमी झाला पण बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक नाही सापडला, २०२२ ला छापून आलं. तर गाईडला रिझल्टचं वचन देऊ नको. अन् डेटा कोणाचा, पेपरवर पहिलं नाव कोणाचं हे आत्ताच कागदावर घ्या राजेहो, दोस्ती तिथंच तुटते. एथिक्स कमिटी तिन्ही कॉलेजात वेगळी लागेल, त्यातच महिने जातात.

पीएसएम_रेसिडेंट:
कूलरचं डोक्यातच नव्हतं! मग हिवाळ्यापासून. एक अजून, दम्याच्या पोराच्या खोलीत अगरबत्ती जळताना दिसली तर मोजत बसू की बंद करायला सांगू? सांगितलं तर आकडे बदलतात.

कोराडीरोड:
डॉक्टर आहेस न तू? सांग, मच्छरदाणी लावायला लाव, अन् कोणत्या तारखेला सांगितलं ते शीटवर टाक.