प्राथमिक वर्गातली सामाजिक शिकवण : आधी दानपेटी की आधी सरवा?

मोहरीदाणा

पहिली ते चौथीच्या कॅथलिक मुलांपुरतं बोलतो आहे. अभ्यासक्रमात 'ख्रिस्तसभेची (म्हणजे चर्चची) सामाजिक शिकवण' असं भारदस्त लिहिलेलं असतं. वर्गात त्याचं काय होतं? उपवासकाळात (ईस्टरआधी) एक दानपेटी, आगमनकाळात (नाताळाआधी) जुन्या खेळण्यांचा ढीग आणि भिंतीवर सात मोठ्या शब्दांचा तक्ता. संपली शिकवण.

माझं म्हणणं असं की ही सुरुवातच उलटी आहे. 'मी माझ्यातलं देतो' हे मुलाच्या डोक्यात आधी बसलं की 'हे सगळं मुळात कोणासाठी आहे?' हा प्रश्न त्याला पुढे कधी पडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या हुकूमनाम्यात बजावलं आहे की न्यायाने जे देणं लागतो ते दान म्हणून देऊ नये. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या, २४४६ व्या परिच्छेदात तेच उद्धृत केलं आहे. आपण लहान मुलांना नेमकं तेच करायला शिकवतो.

त्याऐवजी सरवा घ्या, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य. बायबलमधलं लेवीय १९:९-१०. शेताच्या कडा कापू नकोस, खाली पडलेलं वेचू नकोस, गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. तिसरीचा वर्ग, ४० मिनिटांचा तास, २४ मुलं धरू.

प्रत्येकाला १० बाय १० चौकटींचा कागद द्यायचा. हे शेत. बायबलमधल्या त्या दोन ओव्या (वचनं) दोनदा वाचायच्या, अर्थ सांगायचा नाही. मग जेवढं कापायचं तेवढं रंगवायचं, सोडायचं ते कोरं. मुलं पहिल्यांदा विचारतात, 'किती सोडायचं?' इथे शिक्षकाने गप्प बसायचं, कारण त्या ओव्यांमध्ये आकडा नाही. कोणी चार कोपऱ्यांच्या फक्त ४ चौकटी सोडतं, कोणी सगळी बाहेरची रांग, म्हणजे ३६. हा ४ आणि ३६ मधला वाद म्हणजेच आपला धडा. मग १६ शेतकरी आणि ८ सरवा वेचणारे असे गट करून कोऱ्या चौकटी मोजायच्या.

शेवटची दहा मिनिटं एकाच प्रश्नाला : ओवीत 'दे' म्हटलं आहे की 'राहू दे'? दानपेटीत किती, कोणाला आणि कधी हे देणारा ठरवतो. सरव्यात धन्याला माणूस निवडता येत नाही, आणि घेणारा हात पसरत नाही, स्वतः कापून नेतो. हा फरक आठ वर्षांच्या मुलाला कळतो, पण दानपेटीची सवय लागायच्या आधी दाखवला तरच.

फळा_पुसणारी

मला हे अजिबात पटत नाही. सहा वर्षांचं मूल तत्त्वातून कृतीकडे जात नाही, हातातून डोक्याकडे जातं. ख्रिस्तसभेने शतकानुशतकं लहानांना दयेची सात शारीरिक कृत्यं शिकवली त्याला कारण आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, ही सहा मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायातली. मृतांना मूठमाती हे सातवं बायबलमधल्या तोबितच्या पुस्तकावरून आलं. यात 'हे कोणाचं?' कुठेही नाही. समोर कोण आहे ते बघ आणि हात पुढे कर, एवढंच आहे.

आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या त्यांच्या पहिल्याच परिपत्रकात (पोपने ख्रिस्तसभेला लिहिलेल्या शिकवणीच्या पत्रात) म्हटलं आहे की व्यवस्था कितीही न्यायी झाली तरी प्रेमाची गरज संपत नाही. म्हणजे न्यायाचा धडा पूर्ण झाल्यावर दान, असा क्रम नाहीच.

दानपेटीचे दोष मान्य. पण ते पेटीचे नाहीत, ती लावणाऱ्याचे आहेत. पारदर्शक बरणी ठेवतात. वर्गावर्गांत चढाओढ लावतात, तक्त्यावर तारे चिकटवतात. मग ज्या मुलाच्या घरी अडचण आहे ते मूल त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतं. हे टाळायचं तर :

पाकिटं सगळ्यांना सारखी, जाड कागदाची, आतलं न दिसणारी, नाव न घातलेली. दर शुक्रवारी सगळ्यांनी पाकीट टाकायचं, रिकामं असलं तरी. पाकिटात पैशाऐवजी चिठ्ठीही चालेल : आज कोणासाठी काय केलं त्याची एक ओळ. नाणी आवाज करतात, म्हणून पेटीच्या तळाला कापड. मोजणी मुलांसमोर नाही, आणि वर्गवार बेरीज कधीच जाहीर करायची नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६ मध्ये आहेच.

आडवा_प्रश्न

मोहरीदाणा, तुमचं गणित तपासलंत का? १६ शेतकऱ्यांनी ४-४ सोडल्या तर ६४ चौकटी, आठ जणांत प्रत्येकी ८, आणि शेतकऱ्याकडे ९६. ठीक. पण सगळ्यांनी ३६ सोडल्या तर ५७६, म्हणजे वेचणाऱ्याला प्रत्येकी ७२ आणि पेरणाऱ्याकडे उरल्या ६४! वर्गातलं सर्वांत उदार मूल हे बघून म्हणेल, 'मग मी पेरू कशाला?' त्याला काय उत्तर देणार?

तुमचा खेळ नकळत समान वाटपाचा खेळ होतो. सरवा तसा नाही. सरव्यात कष्ट आहेत. बायबलमधली रूथ सरवा वेचत सकाळपासून शेतात राबली, तिला चौकट वाटून दिली नव्हती.

मोहरीदाणा

हा झटका बरोबर बसला. मोजून वाटण्याचा भाग काढून टाकायला हवा. त्याऐवजी कोऱ्या चौकटी कात्रीने सुट्या करून घ्यायच्या, टेबलांवर पसरायच्या आणि वेचणाऱ्यांना तीन मिनिटं द्यायची. जेवढं वेचलं तेवढं त्यांचं, उरलं ते शेतात. मग ३६ सोडले तरी आकडे उलटतीलच असं नाही, आणि वेचणं हे काम आहे हे बोटांना कळतं. तिसरीतल्या मुलाला ३६ चौकटी कापायला वेळ लागतो, त्यामुळे कापाकापी आदल्या दिवशीच्या हस्तकलेच्या तासाला.

तरी '७२ विरुद्ध ६४' हा प्रसंग चौथीच्या वर्गात मुद्दाम घडवावा असं वाटतं. मुलं स्वतःच सोडायचा आकडा खाली आणतात, आणि का आणला ते सांगताना जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

फळा_पुसणारी, पाकिटाची पद्धत चांगली आहे. पण माझा आक्षेप पेटीच्या बांधणीवर नव्हताच.

चौथी_अ

चौथीसाठी येशूचा द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे बोधकथा (मत्तय २०), घ्या. मुलांचे पाच गट, कारण मळ्याचा धनी कामकरी आणायला पाच वेळा बाहेर जातो : पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला. काम कंटाळवाणंच हवं, उदाहरणार्थ मिसळलेले मणी रंगांप्रमाणे वेगळे करणं. एकूण २० मिनिटं. पहिला गट लगेच सुरू, दुसरा पाचव्या मिनिटाला, तिसरा दहाव्या, चौथा पंधराव्या, पाचवा अठराव्या. शेवटी प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एकच दिनार, आणि वाटप शेवटच्या गटापासून. हा क्रम चुकला तर सगळा खेळ फसतो, कारण पहिल्या गटाने बघितल्याशिवाय कुरकुर होत नाही.

कुरकुर झाली की लगेच समजावू नका. शेवटच्या गटाला विचारा, 'तुम्ही इतका वेळ रिकामे का उभे होता?' उत्तर सातव्या ओवीत आहे : आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. मग पहिल्या गटाला विचारा, 'यांच्या घरी आज किती जणांचा दिवस निघायचा आहे?' इथून १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या पोपच्या परिपत्रकापर्यंत, म्हणजे कामकऱ्याचं पोट भरेल एवढी मजुरी या मुद्द्यापर्यंत, एका पावलात जाता येतं. परिपत्रकाचं नाव मुलांना सांगायची गरज नाही.

कंदील

दोन हरकती.

पहिली शास्त्राची. हा दाखला स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, 'स्वर्गाचे राज्य कोणासारखे आहे' असाच सुरू होतो. देवाची कृपा हिशेबाने मिळत नाही, हा त्याचा गाभा. त्याचा मजुरीचा पाठ केलात तर मूल दाखला शिकत नाही, तुमचं मत शिकतं. मजुरीसाठी सरळ बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २४:१४-१५ वापरा : कामकऱ्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे. याला दाखल्याची कसरत लागत नाही.

दुसरी वयाची. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने १९३२ साली मुलांच्या न्यायबुद्धीवर लिहिलं त्यात साधारण तीन टप्पे आहेत. सात-आठ वर्षांपर्यंत मोठे सांगतील ते न्याय्य. त्यानंतर अकरा-बारापर्यंत काटेकोर समानता. परिस्थिती बघून कमीजास्त देणं त्याच्याही पुढे. वयाच्या सीमा पुढच्या संशोधकांनी खाली आणल्या आहेत, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चौथीतलं मूल समानतेच्या ऐन भरात असतं. एका तासात त्याला धन्याची बाजू पटवायला जाल तर ते मान डोलावेल, आणि मधल्या सुट्टीत म्हणेल की बाई लबाड आहेत.

चौथी_अ

पटवायचं नाहीच. तास कुरकुरीवर संपवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा. धन्याची बाजू सांगण्याची घाई हीच या खेळातली नेहमीची चूक. अनुवादाची ओवी मात्र उचलतो, ती दुसऱ्या दिवसासाठी चपखल आहे.

दुसऱ्या_बाकावरून

मी पालकांच्या बाजूने लिहितो. मजुरी, उपरे, कोणाचं किती, हे विषय घरात वेगवेगळ्या मतांचे असतात. मुलांचे पहिले शिक्षक आईवडील, हे त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात म्हटलं आहे. सात वर्षांचं मूल 'आपण कामवाल्यांना कमी देतो का?' असं विचारत घरी आलं तर तो न्यायाचा पाठ झाला की आईवडिलांवरचा खटला? दया शिकवा, विनय शिकवा, बाकी मोठेपणी.

पायरी

तत्त्व आणि त्याची अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कामकऱ्याला त्याचा हक्क मिळावा' हे तत्त्व, ते ख्रिस्तसभा शिकवते. 'अमुक कायदा हवा' ही अंमलबजावणी, आणि तिथे श्रद्धावंतांचं प्रामाणिकपणे वेगळं मत असू शकतं असं 'गाउदियुम एत स्पेस' या त्याच परिषदेच्या दस्तऐवजाच्या ४३ व्या परिच्छेदातच आहे. प्राथमिक शिक्षकाने पहिल्यावर थांबावं. उदाहरणं बायबलमधली आणि वर्गातली घ्यावीत, घरातली विचारू नयेत. 'तुमच्या घरी कोण काम करतं?' हा प्रश्न तर मुळीच नको. ज्या मुलाची आई कोणाच्या तरी घरी राबते ते त्याच बाकावर बसलेलं असतं.

आणि 'दया शिकवा, बाकी मोठेपणी' म्हणताना एक तत्त्व सुटतं, जे शिकवायला प्राथमिक वर्गाहून चांगली जागा नाही. लहान गटाला जमणारं काम मोठ्याने हिसकावून घेऊ नये, आणि जमेनासं झालं तर मोठ्याने मदतीला यावं. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली ते मांडलं. त्याचं लॅटिन नाव ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थच 'मदत'. नाव अवघड आहे, ते फळ्यावर लिहूच नका. भांडणाची शिडी लावा :

वाद झाला की आधी दोघांनी बोलायचं. नाही मिटला तर त्यांच्या बाकावरच्या चौघांनी. तरी नाही, तर शुक्रवारच्या वर्गसभेत. सगळ्यात शेवटी शिक्षक. मूल तक्रार घेऊन आलं की शिक्षकाचा एकच प्रश्न : 'कोणत्या पायरीवर आहे?'

यात दोन ठिकाणी घसरतं. शिक्षकाला शांतता हवी असते, म्हणून तो दुसऱ्याच दिवशी मधे पडून निकाल देतो. मग शिडी केवळ भिंतीवर राहते. उलट चूक अधिक वाईट. मारहाण, धमकी, कोणाला एकटं पाडणं, अंगाला हात लावणं, यांना शिडी लागू नाही. ती गोष्ट त्याच क्षणी मोठ्या माणसाकडे. हे पहिल्याच दिवशी लाल अक्षरांत लिहा, नाहीतर दांडगट मूल 'आधी माझ्याशी बोल' म्हणून शिडीचाच आसरा घेतं.

आडवा_प्रश्न

शिडी आवडली. आता त्या सात शब्दांच्या तक्त्याचं काय ते बोला. सात विषय ही अमेरिकेच्या बिशपांनी १९९८ मध्ये केलेली मांडणी. २००४ च्या व्हॅटिकनच्या सामाजिक शिकवणीच्या सारग्रंथात कायमची तत्त्वं चारच आहेत : मानवी प्रतिष्ठा, सर्वांचं हित, पायरीने वर सांगितलं ते, आणि एकजूट. आठवड्याला एक शब्द असे सात आठवडे घोकले की आठव्या आठवड्यात मुलांना शब्द आठवतात आणि दुसरं काहीच नाही.

कंदील

आणि त्या सातातल्या 'सृष्टीची काळजी' या शब्दाखाली दिवे बंद करणं एवढंच उरतं. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या २११ व्या परिच्छेदात बारीकसारीक सवयी जरूर आहेत, पण त्याच परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं आहे. एका बाजूने वापरलेले कागद खोक्यात जमवून दुसरीच्या मुलांनी दहा-दहाचे गठ्ठे मोजणं हा बरा उपक्रम. फक्त 'जास्त जमले तर शाब्बास' म्हणू नका. म्हटलंत की मुलं कोरे कागद एक रेघ मारून खोक्यात टाकतात.

फळा_पुसणारी

सफाई करणाऱ्यांसाठीची आभारपत्रंही त्याच जातीची. रंग, चमकी, गोंद सांडून पत्र तयार होतं आणि ते कोणासाठी, तर ती चमकी झाडणाऱ्यांसाठी! कामाचं मोल ते करणाऱ्या माणसामुळे, हे १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या पोपच्या परिपत्रकातलं म्हणणं शिकवायचं तर त्यांचं नाव शिका, नावाने हाक मारा, आणि तास संपायच्या आधी पाच मिनिटं स्वतःची जागा झाडा. रोज. पत्र नको.

मोहरीदाणा, बघा, हीसुद्धा हातानेच होणारी गोष्ट. क्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पाकीट सुरू, आणि सरवा तिसऱ्या आठवड्यात. तोवर मुलांच्या हाताला देण्याची सवय असेल, मग प्रश्न विचारा.

मोहरीदाणा

मी उलटं करीन. पहिले दोन आठवडे सरवा, पाकीट तिसऱ्यापासून. आणि पाकिटावर छापील ओळ 'माझं दान' नको, 'राहू दिलेलं' अशी हवी.

फळा_पुसणारी

पहिलीतल्या मुलाला 'राहू दिलेलं' वाचता तरी येईल का? पाकीट कोरंच ठेवा.