शनिवारची रात्र आणि कोरी वही

तरुणांचा बायबल वर्ग घेतेय त्याला सहा वर्षं झाली. सध्या यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे. गेले तीन शनिवार एकच गत. सगळं आवरून वही उघडते, वर अध्यायाचा आकडा घालते, आणि पुढे काही सुचतच नाही. डोळे ओळींवरून जातात, मन कुठेच नसतं. मीच आतून कोरडी पडलेय, तर दुसऱ्यांना काय शिकवणार?

काल 45वा अध्याय काढला. पाचच ओव्या. यिर्मयाचं बोलणं गुंडाळीवर उतरवून घेणारा बारूख म्हणतो, कण्हून कण्हून मी थकलो, मला विसावा नाही. रात्रंदिवस देवाचं वचन लिहिणारा माणूस, आणि तोच खचलेला! इतक्या वर्षांत ही ओवी मला दिसलीच नव्हती. देव त्याला म्हणतो, स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींच्या मागे लागू नकोस. तू जाशील तिथे तुझा जीव मी राखीन. वाचून रडू आलं.

तुमची उमेद अशी कधी गेली का? तेव्हा काय केलंत? उपदेश नको, घडलेलं लिहा.

*

ताई, मी लहान मुलांची रविवारची शाळा घेते. नऊ मुलं होती, तीन उरली. त्या आठवड्यात धडा होता एलिया संदेष्ट्याचा, बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय. चित्रं कापता कापता वाटलं, तिघांसाठी एवढा खटाटोप कशाला? कात्री खाली ठेवली आणि तो अध्याय पुन्हा वाचला. झुडपाखाली पडून एलिया मरण मागतोय, आणि देवदूत त्याला एका शब्दानेही रागे भरत नाही. ऊठ, खा, एवढंच. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि उशाशी पाण्याचं भांडं. तो खाऊन पुन्हा झोपतो, तरी दूत परत येऊन तेच सांगतो. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची.

मी चित्रं तशीच टाकून झोपले. सकाळी अर्धवट कापलेला एलिया घेऊन गेले. गोष्ट संपल्यावर तिघांतली सगळ्यात लहान विचारते, "मग देव त्याला ओरडला नाही?" तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, नाही गं, आधी जेवायला दिलं.

*

माझी निराशा तुलनेतून यायची. बायबलचा अर्थ उलगडणारे सहा टीकाग्रंथ उघडे, शिवाय नामवंत उपदेशकांचे व्हिडिओ. रात्री बारापर्यंत माझ्याकडे बाकीच्यांची मतं असायची, माझं स्वतःचं काहीच नाही. आता आठवड्याच्या सुरुवातीला फक्त पेन्सिल आणि शास्त्र घेऊन बसतो. बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घेतलं तेव्हा सबंध पत्र रोज एका बैठकीत मोठ्याने वाचलं. 104 ओव्या, फार वेळ लागत नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आनंदाबद्दल इतकं लिहिणारा पौल बंदिवासात आहे. हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण त्या दिवशी ते मला भिडलं. टीकाग्रंथ अजूनही वाचतो, मात्र गुरुवारनंतर.

*

माझे सहा महिन्यांचे टिपण संगणकासोबत गेले. दोन आठवडे कशाला हात लावला नाही. मग एका वडीलधाऱ्या पाळकांनी यिर्मया 36 वाचायला सांगितला. यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलाय, बारूखने लिहिलेली यिर्मयाची गुंडाळी त्याला वाचून दाखवतायत, तीन-चार स्तंभ वाचून झाले की चाकूने तेवढा भाग कापून विस्तवात टाकतोय, सगळी गुंडाळी संपेपर्यंत. शेवटच्या ओवीत बारूख सगळं पुन्हा लिहितो, आणि त्यात आणखी भर पडते. बायबलची भाषांतरं करणारे मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्याला 11 मार्च 1812 रोजी आग लागली, भाषांतरांची हस्तलिखितं जळाली. तेही पुन्हा कामाला लागले. मी पहिल्या पाठापासून नव्याने सुरुवात केलीये. जुन्यातलं बरंचसं आठवत नाही.

*

थोडं वेगळं सांगतो. आई गेली त्या महिन्यात माझ्या वाट्याला स्तोत्रं आली होती. मला होईना. 88व्या स्तोत्रापाशी अडकलो. ते अंधारातच संपतं, बाकीच्या विलापांसारखा उजेडाकडे वळत नाही. मी वर्ग मंडळीतल्या दुसऱ्या भावाला दिला आणि चार रविवार मागच्या बाकावर बसलो. लाज वाटली, पण तेच बरोबर होतं. झोप-भूक उडाली म्हणून डॉक्टरांकडेही गेलो. प्रार्थनेला पर्याय म्हणून नाही गेलो, प्रार्थना करतच गेलो. इंग्लंडमधले नामवंत उपदेशक स्पर्जन यांच्या सभेत 1856 साली चेंगराचेंगरीत सात माणसं दगावली, तेव्हा ते 22 वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर ते खिन्नतेशी झगडत राहिले आणि उपदेशही करत राहिले. पाचव्या रविवारी मी 88वंच शिकवलं, शेवट गोड न करता. नंतर एक काका काही न बोलता माझा हात धरून उभे राहिले.

*

सगळ्यांचं दोनदा वाचलं. दादा, तुमचं तर तीनदा. उद्या 45वाच घेतेय. वहीत सध्या एकच ओळ आहे, बारूखची. तीच वाचून दाखवेन आणि मुलांना विचारेन, तुम्ही कशाने थकलात?